गल्ल्यावरची नोंद आणि ग्राहकाचा अंदाज

२६ जून १९७४ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचं एक पाकीट स्कॅनरवरून सरकलं. वस्तूवरचा बारकोड वाचून झालेली ही दुकानातली पहिली विक्री मानतात. किमतीचे आकडे हाताने दाबायला लागू नयेत, चुका टळाव्यात, रांग भराभर पुढे जावी, यासाठी मुख्यतः हा खटाटोप होता. पण त्या यंत्राने जाता जाता आणखी एक काम करून ठेवलं. कोणत्या बिलात कोणकोणत्या वस्तू एकत्र गेल्या, याची नोंद आपोआप साठू लागली. मार्केटिंगमधल्या डेटा मायनिंगचा, म्हणजे साठलेल्या नोंदी उकरून उपयोगी माहिती शोधण्याचा, इतिहास बराचसा असाच आहे: नोंद ठेवली एका कामासाठी, ती उपयोगी पडली दुसऱ्याच.

ग्राहकांची प्रतवारी मात्र त्याआधीही होत होती. टपालाने माल विकणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक कॅटलॉगमागे छपाई आणि टपालखर्च सोसावा लागे. म्हणून शेवटची खरेदी कधी केली, किती वेळा केली आणि किती पैशांची केली, या तीन प्रश्नांवरून त्या यादी चाळत. आरएफएम (रिसेन्सी, फ्रीक्वेन्सी, मॉनेटरी) नावाची ही पद्धत आजही वापरात आहे, आणि अवघड गणिती मॉडेलच्या आधी ती करून पाहण्यात कमीपणा नाही.

‘डेटा मायनिंग’ हा शब्द संख्याशास्त्रज्ञांच्या तोंडी बराच काळ टोमण्यासारखा होता. उकरतच राहिलं तर आकड्यांत काही ना काही सापडतंच, हा त्यातला खोच. १९८९ मध्ये ग्रेगरी पिआटेत्स्की-शापिरो यांनी डेटाबेसमधून ज्ञान शोधण्यावर पहिली कार्यशाळा भरवली आणि त्या उकरण्याला हळूहळू प्रतिष्ठा आली. १९९३ मध्ये आयबीएममधल्या राकेश अगरवाल आणि सहकाऱ्यांनी ‘हे घेणारे तेही घेतात’ असे नियम बिलांच्या ढिगातून काढण्याची रीत मांडली. पुढच्याच वर्षी अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत यांचा ‘एप्रिओरी’ अल्गोरिदम आला. त्यातली युक्ती साधी आहे. एखादी जोडीच क्वचित विकली जात असेल, तर ती जोडी असलेले तिघांचे-चौघांचे गट तपासायचेच नाहीत. तेवढ्याने मोजणीचा डोंगर आवाक्यात येतो.

याच सुमाराची बिअर आणि डायपरची गोष्ट वर्गावर्गात सांगितली जाते. तिच्यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९९२ मध्ये टेराडेटा या डेटाबेस कंपनीच्या गटाने ऑस्को ड्रग या दुकानसाखळीची सुमारे १२ लाख बिलं तपासली. संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान या दोन वस्तू एकत्र घेतल्या जातात, असं त्यात दिसलं. दुकानांनी त्यावर काहीच केलं नाही. ‘मग रॅक शेजारी आणले आणि विक्री वाढली’ ही शेपटी नंतर चिकटली. मला ती शेपटीच जास्त बोलकी वाटते: नियम सापडला म्हणजे धंदा वाढला, असं ऐकणाऱ्यांना हवंच होतं.

शिवाय त्या बिलांना चेहरा नव्हता. तो दिला लॉयल्टी कार्डाने. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने १९९५ साली क्लबकार्ड नावाचं असं कार्ड देशभर आणलं. विश्लेषण डनहंबी या छोट्या कंपनीकडे होतं. कार्डाच्या आधीच्या चाचणीचे निष्कर्ष पाहून टेस्कोचे अध्यक्ष इयन मॅकलॉरिन म्हणाले की, तीस वर्षांत मला माझ्या ग्राहकांबद्दल कळलं नाही, ते तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याची मला धास्ती वाटते. सवलतीच्या बदल्यात ग्राहक आपलं नाव स्वतःहून बिलाला जोडत होता.

ग्राहकसेवेत हे वारं जरा उशिरा शिरलं. कॉल सेंटरमध्ये आधी जो कर्मचारी मोकळा त्याच्याकडे पुढचा फोन जाई. फोन नंबर आणि खातं जोडलं गेल्यावर कॉलसोबत ग्राहकाचा इतिहासही येऊ लागला. नव्वदच्या दशकात कॅपिटल वन ही क्रेडिट कार्ड कंपनी, फोन उचलण्याआधीच तो कशासाठी आला असेल याचा अंदाज बांधून त्याप्रमाणे वळवत असे. इथूनच रांगेतली समानता संपली, कारण फायद्याच्या ग्राहकाचा फोन आधी घेणंही आता शक्य झालं.

मोबाइल कंपन्यांची डोकेदुखी निराळी होती: सोडून जाणारे ग्राहक. ऑरेंज कंपनीने २००९ च्या केडीडी कप या डेटा मायनिंगच्या स्पर्धेला आपला डेटा दिला, त्यात कोण जाईल हे ओळखणं हे एक काम होतं. पण ‘जाईल’ असं ओळखलेल्या प्रत्येकाला थांबवायला फोन केला की वेगळीच पंचाईत होते. काहीजण करार विसरून निवांत असतात. फोनमुळेच त्यांना तो आठवतो आणि ते सोडतात. म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही ग्राहक निवडून त्यांना मुद्दाम फोन करत नाहीत आणि दोन्ही गटांतला फरक मोजतात. त्या फरकावरून, ज्यांना न डिवचलेलंच बरं, अशांची नावं पुढच्या यादीतून गाळतात.