मध्यस्थी : बैठकीतील आचार

वादातील पक्षांना आपसात तोडगा काढता यावा म्हणून तटस्थ व्यक्तीच्या मदतीने चालणाऱ्या बोलणीत पक्षांनी, वकिलांनी व मध्यस्थाने पाळावयाचे वर्तन. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. हेग येथील १८९९ च्या करारात (अनुच्छेद ६) मध्यस्थीचे स्वरूप केवळ सल्ल्याचे असून ती कधीही बंधनकारक नसते, असे नमूद आहे. हा करार राष्ट्राराष्ट्रांतील तंट्यांपुरता असला, तरी आचाराचा पाया तोच : समोरच्याच्या राजीखुशीवाचून काहीच पदरात पडत नाही.

एकाचे बोलणे संपेपर्यंत दुसऱ्याने ते न तोडणे, हेत्वारोप टाळून घडलेली गोष्ट सांगणे, हे नियम सर्वपरिचित आहेत. निर्णयाचा अधिकार नसलेला प्रतिनिधी पाठवणे हा मात्र चढ्या आवाजापेक्षाही मोठा अनादर होय. त्यात समोरच्याचा सारा दिवस वाया जातो.

मध्यस्थ प्रत्येक पक्षाशी एकांतात बोलतो, त्या बैठकीस ‘कॉकस’ म्हणतात. अमेरिकी राजकारणातून आलेला हा शब्द बॉस्टनमध्ये १७६३ पर्यंत तरी रूढ झालेला दिसतो. जहाजांच्या फटी बुजवणाऱ्या कारागिरांच्या सभांवरून तो आला, असे एक जुने मत आहे. अल्गाँक्वियन भाषांतील सल्लागारवाचक शब्दाशी त्याचा संबंध जोडणारे मत त्याहून ग्राह्य वाटते, पण निर्णायक पुरावा नाही. एकांतात कळलेल्या गोष्टींबाबत दोन भूमिका आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या २००२ च्या नमुना कायद्यानुसार (अनुच्छेद ८) एका पक्षाने दिलेल्या माहितीचा आशय मध्यस्थ दुसऱ्यास सांगू शकतो. गुप्ततेची अट स्पष्टपणे घातली असेल तरच नाही. अमेरिकेतील मध्यस्थांच्या आचारसंहितेत (१९९४, सुधारित २००५) उलट नियम आहे : संमतीविना काहीही सांगू नये. दुसरा नियम अधिक न्याय्य होय, कारण भेदरलेल्या माणसाला योग्य वेळी अट घालण्याचे सुचतेच असे नाही. पहिला नियम लागू असेल तेथे मध्यस्थाने तो बैठकीआधीच समजावून सांगावा.

बैठकीत दिलेली कबुली वा सुचवलेली तडजोड पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही (त्याच कायद्याचा अनुच्छेद १०). त्यामुळे चूक मान्य करणे सोपे जाते. अशी कबुली ऐकणाऱ्याने तिची बाहेर वाच्यता करू नये.

बोलणी सोडण्याचा हक्क कोणत्याही पक्षास आहे. त्यासाठी तसे दुसऱ्या पक्षास व मध्यस्थास कळवावे लागते; मुकाट्याने उठून जाणे शिष्टसंमत नाही.