पॉलिफेनॉल ऑक्सिडेज

पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे वनस्पतींची पाने, कोवळे शेंडे आणि फळांच्या साली यांत आढळणारे ताम्रयुक्त विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) असून ते हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने फेनॉल वर्गातील द्रव्यांचे क्विनोन नावाच्या क्रियाशील संयुगांत रूपांतर करते. हे क्विनोन पुढे एकमेकांशी व प्रथिनांशी जुळून तपकिरी-काळी रंगद्रव्ये तयार होतात. द्राक्षवेलीचे कोवळे पान चुरगळले की दुमडीच्या कडेने थोड्याच वेळात तपकिरी रेघ उमटते, ती याच क्रियेमुळे. सांगली जिल्ह्यात, विशेषतः तासगाव परिसरात, या विकराला मोठे महत्त्व आहे, कारण तेथील बेदाण्याचा भाव बराचसा रंगावर ठरतो.

विकराच्या क्रियास्थानी, म्हणजे जिथे प्रत्यक्ष क्रिया घडते त्या भागात, तांब्याचे दोन आयन असतात आणि त्यांतील प्रत्येकाला तीन हिस्टिडिनांनी (प्रथिनातील एका अमिनो आम्लाच्या घटकांनी) धरून ठेवलेले असते. रताळ्यातील विकराची स्फटिकरचना १९९८ मध्ये आणि द्राक्षातील विकराची २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य आम्ल ते उदासीन माध्यमात ते सर्वाधिक क्रियाशील असते. पानात विकर हरितलवकातील थायलॅकॉइडांच्या (पडद्याच्या चपट्या पिशव्यांच्या) आत, तर फेनॉले मुख्यतः रिक्तिकेत (पेशीतील द्रवाने भरलेल्या पिशवीत) असतात. त्यामुळे पेशी धड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही आणि कीड लागून, घासून किंवा ठेचून पडदे फाटले की मगच रंग बदलू लागतो. शिवाय पुष्कळदा विकर सुप्त रूपात असते. त्याच्या टोकाचा एक भाग क्रियास्थान झाकून ठेवतो व तो दूर झाल्यावर विकर जागे होते.

निरोधनाचे, म्हणजे विकराचे काम रोखण्याचे, मार्ग एकसारखे नाहीत, आणि हा भेद नीट समजून घेणे फार गरजेचे आहे. ट्रोपोलोन व कोजिक आम्ल थेट क्रियास्थानातील तांब्याला जखडतात. सायट्रिक आम्ल तांबे बांधते आणि माध्यमाची आम्लताही वाढवते. क जीवनसत्त्व मात्र प्रामुख्याने तयार झालेल्या क्विनोनाला पुन्हा फेनॉलात परतवते, म्हणून ते संपले की काळे पडणे पुन्हा सुरू होते. सल्फाइट हे गंधकाचे संयुग क्विनोनाला बांधते आणि विकरालाही निकामी करते. बेदाण्याला गंधकाची धुरी देण्यामागचे मुख्य कारण हेच.

बेदाण्याच्या शेडवर रसायनाइतकेच महत्त्व वेळेला असते. तास-ए-गणेश, थॉमसन सीडलेस अशा वाणांचे घड पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवून काढतात. त्याने सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होऊन मण्यातले पाणी लवकर निघते आणि विकराला काम करायला अवधी उरत नाही. घड रॅकवर सावलीत वाळवल्याने हिरवेपणा टिकतो. परंतु नुसत्या सुकण्याने विकर थांबते, नष्ट होत नाही. अर्धवट वाळलेल्या घडांना अवकाळी पावसाची ओल लागली, तर त्याच मण्यांत क्रिया पुन्हा सुरू होते आणि आदल्या दिवशी हिरवा दिसणारा माल काळवंडू लागतो.