इस्त्रीतला डावा हात

गिरगावात आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक इस्त्रीवाले काका बसतात. परवा कपडे आणायला गेले आणि त्यांचे हात बघत उभीच राहिले. उजव्या हातात इस्त्री; डाव्या हाताच्या चिमटीत कॉलरचं टोक. उजवा पुढे सरकला की डावा कापड ओढून धरी. 'इस्त्री' या शब्दाचा मूळ अर्थ त्या डाव्या हातात आहे.

हिंदीत 'स्कूल'चं 'इस्कूल' होतं तशी 'स्त्री'ची 'इस्त्री' झाली, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. शब्द आला पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून, म्हणजे ताणणे, ओढून सरळ करणे. त्यात ना लोखंड, ना उष्णता, ना दाब! १५३४च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. पाव, बटाटा, चावी, पगार, घमेलं हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. खुद्द पोर्तुगालमध्ये मात्र इस्त्री करण्याला 'एंगोमार' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ खळ देणे. आपली परीटघडी त्याच्या जवळची वाटते.

आता कापडाच्या आत बघू. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या, एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेल्या. पाणी शिरलं की यातले पुष्कळ बंध सुटतात आणि कापड वाळताना जसं चुरगळलेलं असेल तसेच पुन्हा जुळतात. तीच सुरकुती. काका पाण्याचा हबका मारतात तेव्हा ते बंध सुटू लागतात. उष्णतेने साखळ्या सैलावतात, ताण आणि दाब त्यांना सरळ करतात. पाण्याची वाफ होऊन गेली की त्या सरळ स्थितीतच नवे बंध जुळतात. म्हणून गरम, दमट कपडा लगेच कोंबू नये. नवी सुरकुती पक्की बसते.

पॉलिस्टर पाणी फारसं पीत नाही, तिथे काम उष्णतेचंच. ती जास्त झाली तर धागाच वितळतो.

आणि जुलैत चर्नी रोडला गाडीत चढलेल्या सुती शर्टाची इस्त्री अंधेरीपर्यंत का मोडते? घाम आणि दमट हवा तेच बंध सोडवतात, गर्दी कापड दुमडते.

काकांना विचारलं, डाव्या हाताने एवढं कशाला ओढता? म्हणाले, "नाही ओढलं तर शिवण गोळा होते, ताई."