डुप्लिकेट कॅसेटमधला ओरिजनल गेम

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाशीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये जुने टीव्ही गेम मांडायचं ठरलंय. त्यासाठी माळ्यावरून खोका काढला, तर त्यात निन्जा टर्टल्स या चार लढवय्या कासवांच्या फायटिंग गेमची पिवळी कॅसेट निघाली. स्टिकर अर्धं फाटलेलं. खालच्या मजल्यावरच्या मुलाने ती हातात घेऊन विचारलं, "काका, ही कशाची कॉपी आहे?" लहानपणी आम्हीही तिला कॉपीच समजत होतो. त्यामागची हकीकत लिहून ठेवावी असं वाटलं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे जो 'टीव्ही गेम' मिळायचा, तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या गेम मशीनची नक्कल असायचा. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला आणि पुढे अमेरिकेत एनईएस या नावाने विकला गेला. आपल्याकडे पोचले ते त्याचे चिनी-तैवानी भाऊबंद, सोबत 'नाईन्टी नाईन इन वन'सारख्या, एकीतच बरेच गेम भरलेल्या कॅसेट. त्यांवर 'स्ट्रीट फायटर'चं चित्र हमखास दिसायचं. पण तो गेम बनवणाऱ्या कॅपकॉमने १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू' या आठ बिटांच्या मशीनसाठी कधी काढलाच नाही. आम्ही त्या नावाने जे खेळलो ते सगळं परवाना नसलेल्या कंपन्यांनी परस्पर बनवलेलं होतं. हात लांबणारा धालसीम नावाचा फायटर असायचा, पण मार कुठे बसतोय याचा पत्ता नसायचा.

त्यामुळे मामेभावाने ठाणे स्टेशनबाहेरच्या एका स्टॉलवरून टर्टल्सची कॅसेट आणली, तेव्हा हीही त्यातलीच असं आम्ही धरून चाललो. तो नौपाड्याला राहायचा. तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती, ठाणे-बेलापूर रोडने बसनेच ये-जा. सुट्टीत तो मुक्कामाला आला की ती कॅसेट पिशवीत असायचीच. खेळताना मात्र फरक जाणवायचा. ठोसा लागला की लागल्यासारखा वाटायचा आणि उडी मारलेला माणूस बरोब्बर हिशेबाने खाली यायचा. याचं कारण मला फार उशिरा कळलं. हा गेम खरा होता.

टर्टल्सचा जन्म कार्टूनमधला नाही. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी मे १९८४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधून एक कृष्णधवल कॉमिक काढलं, पहिली छपाई सुमारे ३ हजार प्रतींची. डिसेंबर १९८७ मध्ये त्यावरून कार्टून मालिका आली, पाठोपाठ खेळणी आली आणि चार कासवं घराघरात पोचली. गेमचे हक्क जपानच्या कोनामीकडे होते. १९८९ मध्ये त्यांनी चौघांनी एकत्र खेळायचा व्हिडिओ गेम पार्लरचा गेम काढला. पुढे चालत जायचं आणि समोर येईल त्याला बडवायचं, असा त्याचा प्रकार. मग 'स्ट्रीट फायटर टू'ने सगळं चित्र पालटलं. समोरासमोर दोन खेळाडू, तीन राउंड, प्रत्येकाची वेगळी स्पेशल मूव्ह हा साचा प्रत्येक कंपनीला हवा होता. कोनामीला तो अगदीच परका नव्हता. 'यी आर कुंग फू' त्यांचाच, १९८५ मध्ये फॅमिकॉमवर आलेला. आपल्या नाईन्टी नाईन इन वनमध्ये तो हटकून असायचा.

'टूर्नामेंट फायटर्स' हे नाव एकच, पण कोनामीने त्याखाली तीन मशीनसाठी तीन वेगवेगळे गेम बनवले. सुपर निन्टेन्डोवरचा सर्वांत नावाजलेला. त्यात वॉर, आर्मॅगॉन, आस्का अशी दहा पात्रं. सेगा मेगा ड्राइव्हवर कासवांची मैत्रीण एप्रिल ओनील स्वतः आखाड्यात उतरते. तिसरा साध्या एनईएसवर, १९९४ चा, फक्त सात जणांचा. चार कासवं, केसी जोन्स, हॉटहेड आणि श्रेडर. अमेरिकेत कोनामीने एनईएससाठी काढलेला हा शेवटचा गेम.

आमच्या पिवळ्या कॅसेटमधला हा तिसरा गेम मला आजही थक्क करतो. त्या मशीनची कामाची मेमरी २ किलोबाइट. पडद्यावर हलणारी चित्रं आठ-आठ पिक्सेल रुंदीच्या तुकड्यांनी बनायची आणि एका आडव्या ओळीत असे आठच तुकडे मावायचे. म्हणजे दोन्ही पैलवान शेजारी उभे राहिले की दोघांना मिळून ६४ पिक्सेल. तुकडे जास्त झाले की चित्र लुकलुकायचं. त्यात रिमोटवर मारायला बटणं दोनच, एक ठोशाचं, एक लाथेचं. 'स्ट्रीट फायटर'ला पार्लरमध्ये सहा लागायची. एवढ्या तोकड्या सामानात त्या लोकांनी दमदार फायटिंग बसवली, वर एक खास युक्तीही घातली. लढत चालू असताना वरून एक गोळा पडतो आणि जो उचलेल त्यालाच तो फेकता येतो. आमच्याकडे सगळी भांडणं त्या गोळ्यावरून व्हायची. मामेभाऊ तर मारामारी सोडून आधी गोळ्याखाली जाऊन उभा राहायचा.

आता कॅसेटचा मुद्दा. मूळ एनईएसची कॅसेट ७२ पिनांची, फॅमिकॉमची आणि म्हणून आमच्या नकली मशीनचीही ६० पिनांची. हा गेम एनईएसवर अमेरिकेत आणि युरोपात निघाला, जपानमध्ये फॅमिकॉमवर आलाच नाही. म्हणजे ६० पिनांची अधिकृत कॅसेट अस्तित्वातच नव्हती. आमच्या पिवळ्या कॅसेटच्या पिना मी मोजल्या, साठच भरल्या. प्लास्टिक, स्टिकर, बोर्ड, सगळं डुप्लिकेट. आतला गेम तेवढा कोनामीच्या लोकांनी घाम गाळून बनवलेला. त्यांना त्यातून आमच्याकडून एक पैसाही गेला नाही, याची आता चुटपुट लागते.

ऑगस्ट २०२२ मध्ये कोनामीने टर्टल्सचे जुने १३ गेम एकत्र काढले. त्यात ही तिन्ही भावंडं आहेत. मी तो संच विकत घेतला, त्यामुळे हॉलमध्ये एका टीव्हीवर सुपर निन्टेन्डोचा गेम लागेल आणि दुसऱ्यावर आपली पिवळी कॅसेट. मुलांना एवढंच सांगणं, कॅसेट लागली नाही तर फुंकर मारू नका. आम्ही मारायचो, पण फुंकरीच्या ओलाव्याने पिना गंजतात. कापूस आणि स्पिरिट टेबलावर ठेवलेलं असेल. रिमोट दोनच चालू स्थितीत आहेत, तेव्हा नंबर लावावे लागतील.