शहरातलं झाड तोडायचं किंवा छाटायचंय? परवानगीचा अर्ज, कागदपत्रं आणि हरकतीचा हक्क

"झाड आपल्या कंपाउंडमध्ये, लावलंय आपणच, मग परवानगी कसली?" सोसायटीच्या सभेत हा प्रश्न कधी ना कधी येतोच. झाड खाजगी जागेत असलं तरी महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत ते परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा त्यासाठीचा कायदा. त्यात 'तोडणे' याचा अर्थही मोठा आहे. जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे बुंध्याची साल गोल सोलून काढणं किंवा मुळाशी ॲसिड ओतणं हाही गुन्हाच. २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंड एका झाडामागे १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

या कायद्याने प्रत्येक नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण असतं आणि वृक्ष अधिकारी नेमलेला असतो. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करणं हेही प्राधिकरणाचंच काम. मुंबईच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या गणनेत २९ लाख ७५ हजारांहून अधिक झाडं नोंदली गेली. तुमच्या आवारातल्या झाडाची जात, घेर, अंदाजे वय या नोंदीत असायला हवं. अर्ज करण्याआधी ती नोंद उद्यान विभागातून मिळवा. पुढचा बराच हिशेब वयावर चालतो.

अर्ज जागेच्या मालकाने करायचा. सोसायटी असेल तर कमिटीने, सभेच्या ठरावासह. भाडेकरू असाल तर मालकाचं संमतीपत्र जोडा. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्या गच्चीवर आली म्हणून स्वतःच करवत लावू नका, तिच्यासाठीही अर्जच करा. रस्त्यावरच्या, फुटपाथवरच्या झाडाबद्दल कोणीही तक्रार देऊ शकतं.

कागदपत्रं गावागणिक थोडी बदलतात, पण साधारणपणे ही मागतात: ठरलेल्या नमुन्यातला अर्ज, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मालमत्ता कराची चालू पावती, ओळखपत्र, झाडाचे दोन-तीन बाजूंनी काढलेले फोटो आणि झाड कुठे उभं आहे ते दाखवणारा साधा नकाशा. बदली झाडं लावून जगवण्याचं हमीपत्र आणि अनामत रकमेची पावतीही लागते. बांधकामासाठी झाड जाणार असेल तर मंजूर नकाशा हवा. भिंतीला तडा गेला हे कारण असेल तर इंजिनिअरचा दाखला असलेला बरा. बऱ्याच महापालिकांत अर्ज ऑनलाइन भरता येतो. ऑफिसात दिलात तर आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

अर्जात खरं महत्त्व असतं ते 'कारण' या रकान्याला. आमच्या सोसायटीत जांभळाचं झाड आहे. जून आला की खाली लावलेल्या गाड्यांवर जांभळे डाग पडायचे, त्यावरून दोन वर्षं वाद चालले आणि शेवटी 'झाड धोकादायक' असं लिहून तोडण्याचा अर्ज गेला. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून घेर घेतला, बुंध्यावर मुठीने ठोकून आवाज ऐकला, मुळाशी वाळवी आणि अळंबी शोधली. झाड आतून भरीव होतं. गच्चीकडे झुकलेल्या दोन फांद्या तेवढ्या छाटायला परवानगी मिळाली आणि गाड्या चार फूट सरकल्या. आधीच छाटणीचा अर्ज केला असता तर चार महिने वाचले असते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी झाडाखाली उभं राहून पाहा की नेमकं काय अडतंय. बहुतेक वेळा फांदी अडत असते, झाड नाही.

झाड वाळलेलं, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेलं असेल, जीविताला किंवा मालमत्तेला धोका असेल, वाहतुकीला अडथळा होत असेल तर कायद्यानुसार परवानगी नाकारता येत नाही. इतर प्रकरणांत वृक्ष अधिकारी जागेवर पाहणी करून अहवाल देतात आणि नागरिकांच्या हरकतींसाठी नोटीस निघते. ती वर्तमानपत्रात येते आणि झाडावरही लावली जाते. अर्जावरचा निर्णय ६० दिवसांत व्हावा, अशी मुदत आहे.

ती नोटीस जाता-येता वाचत जा. हरकतीला साधारण सात दिवस मिळतात, नेमकी तारीख नोटिशीवरच असते. हरकत घ्यायला त्या जागेचे मालक असावं लागत नाही. साध्या कागदावर नोटिशीचा क्रमांक, झाडाची जात आणि ठिकाण लिहा, झाड का वाचू शकतं ते मुद्देसूद मांडा, फोटो जोडा. 'झाडं वाचवा' एवढंच लिहिलेल्या पत्राचा उपयोग होत नाही. 'नकाशात प्रवेशद्वार तीन मीटर डावीकडे घेतलं तर हा वड राहतो' असं लिहिलंत तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

परवानगी मिळाली तरी लगेच कुऱ्हाड चालत नाही, कायद्याने पंधरा दिवस थांबावं लागतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे कॉलनीत मेट्रो कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली, तेव्हा हे पंधरा दिवस कुठून मोजायचे यावरच मोठा वाद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने तोडणी थांबवली, तोवर झाडं पडलेली होती. त्यामुळे परवानगीच्या पत्रावरची तारीख आणि ते पत्र लोकांसमोर आल्याची तारीख, दोन्ही टिपून ठेवा.

पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड आता 'प्राचीन वृक्ष' ठरतं. भरपाईचा नियमही वयाशी जोडलेला आहे: तोडल्या जाणाऱ्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी नवी झाडं. तीस वर्षांच्या गुलमोहराच्या बदल्यात तीस. रोपं किमान सहा फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची आहे. झाडाचं वय कमी दाखवण्याचा मोह इथेच होतो, म्हणून वृक्षगणनेतली नोंद हाताशी ठेवा.

छाटणीच्या परवानग्या बहुतेक पावसाळ्याच्या तोंडावर काढल्या जातात आणि नेमका तोच बगळ्यांचा, रातबगळ्यांचा वीण हंगाम असतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे रानपक्ष्यांची घरटी आणि अंडी मोडणं गुन्हा आहे, छाटणीचं पत्र हातात असलं तरीही. फांदीखाली पांढऱ्या विष्ठेचा सडा दिसला तर आधी वर पाहा. घरटी दिसली तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकला. जमलं तर छाटणी हिवाळ्यातच उरकून घ्या.

नागरी हद्दीबाहेर वेगळा कायदा लागतो. तिथे १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली साग, आंबा, फणस, खैर, चंदन, मोह, चिंच, जांभूळ अशी ठरावीक झाडं येतात. त्यासाठी तहसील किंवा वन विभागाकडे जावं लागतं. खारफुटीला यातला कुठलाच अर्ज चालत नाही. तिच्यावर उच्च न्यायालयाचे स्वतंत्र निर्बंध आहेत.

आणि झाड आत्ता, या क्षणी पडायला आलं असेल तर अर्ज भरत बसू नका. अग्निशमन दलाला फोन करा, मग वॉर्ड ऑफिसला कळवा. अशा प्रसंगी वृक्ष अधिकारी तातडीने निर्णय घेऊ शकतात. तोडण्यापूर्वीचे आणि नंतरचे फोटो मात्र काढून ठेवा.