मोडेमचं डोकं कुठे होतं?

खानापूरच्या भाच्यानं गेल्या आठवड्यात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजसारखीच, पण खुली कार्यप्रणाली) घातलं. वायफायचा पासवर्ड टाकला आणि नेट सुरू. त्याचा फोन आला, "मामा, यात एवढं अवघड काय होतं की?" प्रश्न खरा आहे, पण त्याच्या उत्तराला पंचवीस वर्षं मागं जावं लागतं.

विदेश संचार निगमानं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते महानगरांत. बेळगावकडच्या घरांत ते आलं टेलिफोनच्या तारेवरून, आणि पुढं नेट जोडायला फिरवायचा १७२२३३ हा नंबर आम्हाला पाठच झाला. लिनक्स यायचं मासिकाबरोबरच्या सीडीवरून. या दोघांच्या मध्ये बसायचा मोडेम.

सुरुवातीचे चांगले मोडेम बाहेरचे, सीरियल पोर्टला जोडायचे. संगणकाकडच्या आकड्यांचा आवाज करून तो तारेवर सोडायचा, हे सगळं गणित त्या डब्यातली चिप करायची. लिनक्सला फक्त 'एटी'नं सुरू होणाऱ्या ठरावीक आज्ञा मोडेमला पाठवायच्या असत, त्यामुळं कंपनी कुठलीही असो, काम व्हायचं. आमच्याकडच्या एक्सचेंजचा डायल टोन मात्र मोडेमला ओळखू यायचा नाही. 'नो डायलटोन' म्हणून तो गप्प बसायचा. मग डब्ल्यूव्हीडायल या नंबर फिरवणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलीत 'एक्स३' लिहायचं, म्हणजे टोनची वाट न बघता तो नंबर फिरवायचा. पल्सवरचं, म्हणजे जुन्या चकतीच्या फोनसारखं टकटक करून नंबर घेणारं एक्सचेंज असेल तर 'एटीडीटी'चं 'एटीडीपी' करायचं. ही दोन अक्षरं सापडायला माझे दोन रविवार गेले होते.

खरी अडचण पुढं आली. किंमत पाडण्यासाठी मोडेममधली चिप, म्हणजे त्याचं डोकंच, काढून टाकलं गेलं आणि तिचं काम संगणकाच्या प्रोसेसरवर, विंडोजच्या ड्रायव्हरकडे सोपवलं. हेच विनमोडेम. सुटे भाग जोडून घेतलेल्या बहुतेक मशीनमध्ये आत हेच कार्ड असायचं. लिनक्स घातलं की कार्ड जागेवर, पण मोडेम गायब. मी शेवटी एक जुना बाहेरचा मोडेम विकत घेतला. त्याचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि तो किरकिर आवाज सुरू झाला, तेव्हा झालेला आनंद आजही आठवतो. पावसाळ्यात खांबावरच्या जोडात पाणी शिरलं की तारेवर खरखर व्हायची आणि लाइन तुटायची, त्यावर मात्र कुठलाच मोडेम चालला नाही.

लाइन एक, घरात मशीन दोन. इथं लिनक्स पुढं होतं. दोन नेटवर्क कार्डं, मध्ये क्रॉस केबल, १९२.१६८ चे पत्ते (खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले), आणि मास्करेडिंग, म्हणजे घरातली सगळी मशीनं बाहेर एकाच पत्त्यानं दिसणं. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.० आवृत्तीला त्याचे नियम लिहायला आयपीएफडब्ल्यूएडीएम हे साधन होतं, २.२ ला आयपीचेन्स, आणि जानेवारी २००१ च्या २.४ पासून आयपीटेबल्स. दरवेळी नियम नव्यानं लिहावे लागत.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. तार तीच, पण आता फोन आणि नेट एकाच वेळी. डोकं पुन्हा मोडेमच्या बाहेरच्या डब्यात गेलं. मशीनला फक्त नेटवर्क केबल लागायची, व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे लाइनच्या जोडणीचे आकडे डब्यात भरायचे. खानापूरच्या जंगलाकडची गावं मात्र एक्सचेंजपासून लांब. तांब्याच्या तारेत एडीएसएलचा, म्हणजे या ब्रॉडबँडचा, सिग्नल चार-पाच किलोमीटरपुढं टिकत नाही, म्हणून ती राहून गेली.

त्यांच्या वाट्याला पुढं डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा मोबाइल मोडेम, आला. लिनक्सला तो आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा. यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम चालवला की मोडेम व्हायचा. निपाणीकडं आणखी एक तिढा होता. डोंगल घरबसल्या सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलच्या बाजूचा टॉवर पकडायचा आणि खात्यावर रोमिंग लागायचं. सीमा नकाशावर नव्हे, बिलावर दिसायची.

दरम्यान त्या डब्यांच्या आतच लिनक्स शिरलं होतं. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये ते आहे हे कळल्यावर जीपीएल या लिनक्सच्या खुल्या परवान्यानुसार कंपनीला २००३ मध्ये त्याचा सोर्स, म्हणजे मूळ प्रोग्राम, खुला करावा लागला आणि त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स उभी राहिली. घरच्या कित्येक राउटरांत आज हाताला न लागणारं तेच मास्करेडिंग चालू असतं.

भाच्याला म्हटलं, राउटरच्या खोक्यातलं पातळ पुस्तक काढ, शेवटची पानं बघ. संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. बारीक अक्षरांत जीपीएलचा मजकूर होता.