राणीबागेतल्या म्युझियमात सारखी प्रदर्शनं का लागतात, त्याची जुनी गोष्ट

मुंबईत भायखळ्याला राणीबागेत, म्हणजे प्राणिसंग्रहालयाच्या बागेत, असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये नवीन प्रदर्शन लागलं, नाहीतर मागच्या अंगणात गाण्याचा नाटकाचा कार्यक्रम जाहीर झाला की कोणीतरी बोलतंच, अरे हे म्युझियम आहे की लग्नाचा हॉल, जुन्या वस्तू सांभाळा ना नीट. मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण या वास्तूचा इतिहास थोडा खणला तर कळतं की तिचा जन्मच एका प्रदर्शनाच्या गडबडीत झालाय, त्यामुळे ही तक्रार जरा उलटीच आहे.

तर झालं असं की १८५१ ला लंडनमध्ये ते प्रचंड मोठं प्रदर्शन भरलं, काचेच्या महालात, जगभरचा माल एका छपराखाली. त्याचं यश बघून पॅरिसने १८५५ ला स्वतःचं भरवायचं ठरवलं आणि मुंबई इलाख्यातूनही माल मागवला गेला. कापूस, धान्य, लाकूड, कापड, धातूची कामं, मातीची भांडी असलं सगळं गोळा करायला कमिटी बसली. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की एवढं गोळा करतोच आहोत तर प्रत्येकाचा एक जादा नग इथेच ठेवून घेऊ. बस, तेच आपलं म्युझियम! लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर होते, त्यांनी उचलून धरलं आणि फोर्टातल्या टाऊन बराकीत हा संग्रह ठेवला. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर शोरूम, बाहेरच्या व्यापाऱ्याला दाखवायला की बघा आमच्याकडे काय काय पिकतं आणि बनतं. यात इंग्रजांचा स्वार्थ होता हे उघड आहे, ते काय आपल्या संस्कृतीच्या प्रेमाने हे करत नव्हते.

मग १८५७ आलं. बंड पेटलं, बराक फौजेला पाहिजे झाली आणि संग्रह तिथून हलवला, तो टाऊन हॉलमध्ये गेला, म्हणजे ज्याला आपण एशियाटिक लायब्ररी म्हणतो तिथे. दुसऱ्या वर्षी कंपनीचं राज्य जाऊन राणी व्हिक्टोरियाचं आलं आणि जॉर्ज बर्डवुड नावाच्या डॉक्टरने कल्पना काढली की राणीच्या नावाने म्युझियमला स्वतंत्र इमारत बांधू. त्याच्याबरोबर पैसे गोळा करायला दोन मुंबईकर उभे राहिले, एक जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट आणि दुसरे डॉ. भाऊ दाजी.

इथे थोडं थांबतो कारण भाऊ दाजी हा माणूस फक्त पाटीवरचं नाव म्हणून सोडून द्यावा असा नाही. मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे. भाऊ हे घरातलं नाव, दाजी वडिलांचं, लाड आडनाव. लहानपणी बुद्धिबळ असं खेळायचे की एका साहेबाने बघून वडिलांना गळ घातली, पोराला इंग्रजी शिकवा, असं सांगतात. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होऊन बाहेर पडलेल्या अगदी पहिल्या तुकडीतले ते, साल १८५१. डॉक्टरकी करता करता शिलालेख वाचायचे, जुनी नाणी जमवायची, महारोगावर औषध शोधायचं, मुलींच्या शाळांसाठी झटायचं, मुंबईचे शेरीफही झाले. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे सांगलीहून विष्णुदास भाव्यांची नाटकमंडळी १८५३ ला मुंबईत आली तेव्हा तिला आधार देणाऱ्या मोठ्या लोकांमध्ये हे होते. आता त्यांच्या नावाच्या म्युझियमच्या अंगणात नाटक होतं याच्यावर कोणी नाक मुरडलं तर मला हसू येतं.

पैसे लोकांकडून आले, हे पण सांगितलंच पाहिजे. जमशेटजी जीजीभॉय, डेव्हिड ससून, नाना शंकरशेट अशा पारशी, यहुदी, हिंदू सगळ्यांच्या वर्गण्या. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि राणीबाग लोकांना खुली झाली तीही त्याच दिवशी, म्हणून ही जोडी कायमची. आम्ही लहानपणी वाघ हत्ती बघायला जायचो आणि उन्हाने दमलो की म्युझियमच्या पायऱ्यांवर डबा उघडायचो, आत काय आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं!

बांधकाम मात्र रखडलं. अमेरिकेत यादवी चालू होती तोवर मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव होता, शेअरचा नुसता जुगार चालला होता, आणि १८६५ ला ते युद्ध संपलं तसं सगळं धाडकन खाली आलं. मोठमोठे शेठ बुडाले, भाऊ दाजींचेही पैसे त्यातच गेले. वर्गण्या देणारेच बुडाल्यावर इमारत कोण पुरी करणार, शेवटी सरकारला पैसे घालावे लागले. २ मे १८७२ ला म्युझियम उघडलं, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम या नावाने. भाऊ दाजी १८७४ मध्ये गेले, म्हणजे जेमतेम दोन वर्षं बघायला मिळालं त्यांना. बाकी काळ्या घोड्याजवळचं ते मोठं म्युझियम, पूर्वीचं प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, लोकांसाठी उघडलं १९२२ ला, म्हणजे भायखळ्याचं त्याच्यापेक्षा पन्नास वर्षांनी थोरलं, तरी मुंबईतलं म्युझियम म्हटलं की लोक टॅक्सी तिकडेच नेतात.

आत गेल्या गेल्या समोर पांढऱ्या संगमरवराचा राजपुत्र आल्बर्ट उभा आहे, ससूनने दिलेला, खाली इंग्रजीबरोबर हिब्रूतही मजकूर कोरलाय. हा राणीचा नवरा एवढंच आपल्याला माहीत असतं पण १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनामागे धावपळ करणारा मुख्य माणूस हाच. म्हणजे प्रदर्शनवाला माणूसच हॉलच्या मधोमध उभा करून ठेवलाय.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूलचे प्रिन्सिपॉल सेसिल बर्न्स इथले क्युरेटर झाले आणि म्युझियमचा रोख बदलला. व्यापाऱ्याला माल दाखवण्यापेक्षा मुंबईच्या माणसाला मुंबई दाखवू असा विचार आला. त्या काळापासूनच्या मातीच्या बाहुल्या, वेगवेगळ्या जातीधर्माची माणसं त्यांच्या पगड्या लुगड्यांसकट, कारागीर, छोटे छोटे देखावे, नकाशे. पोरांना अजूनही तेच आवडतं. त्यात साहेबाची नजर आहेच, माणसांचे नमुने करून कपाटात मांडायची, ते बघताना थोडं टोचतं आणि टोचायला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर शहरात जे नकोसं झालं ते इकडे यायला लागलं. १९६५ ला काळ्या घोड्याचा, म्हणजे घोड्यावर बसलेल्या राजा सातव्या एडवर्डचा, पुतळा इकडे आणला, राणीचा पुतळाही आला. घारापुरीचा दगडी हत्ती त्याच्या आधीपासून होता, १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला गेले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते १९१४ ला जोडून उभा केला. १ नोव्हेंबर १९७५ ला म्युझियमला भाऊ दाजींचं नाव मिळालं. नाव मिळालं पण अवस्था वाईटच होती, ओल, गळती, धूळ, आणि महापालिकेच्या डोक्यावर हजार कामं.

मग फेब्रुवारी २००३ मध्ये महापालिका, जुन्या वास्तू आणि वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन असा तिघांचा करार झाला, तस्नीम मेहता यांनी धुरा घेतली, विकास दिलावरींनी वास्तूचं काम बघितलं. २००५ ला युनेस्कोचं पारितोषिक आलं आणि ४ जानेवारी २००८ ला दरवाजे परत उघडले. आणि खरी गंमत इथून पुढे, कारण त्यांनी नुसती झाडपूस करून कपाटं लावली नाहीत, आजच्या चित्रकारांना बोलावलं आणि सांगितलं, या जुन्या संग्रहाला तुमचं उत्तर द्या. २०११ ला जितिश कल्लाट, मग अतुल दोडिया वगैरे. २०१३ मध्ये रीना कल्लाट यांनी तर इमारतीच्या दर्शनी भागावर रबरी शिक्क्यांचं भलंमोठं कोळ्याचं जाळं लटकवलं होतं, शिक्क्यांवर मुंबईच्या बदललेल्या रस्त्यांची जुनी नावं. सगळीच प्रदर्शनं मला कळली असं नाही, काही ठिकाणी भिंतीवरचा मजकूर वाचूनही डोक्यावरून गेलं, पण ते जाळं मात्र कळायला मजकूर लागत नव्हता.

२०१४ ला शेजारी नवीन विंग बांधायची म्हणून आंतरराष्ट्रीय स्पर्धाही झाली, अमेरिकन आर्किटेक्ट स्टीव्हन हॉल जिंकले, ते काही उभं राहिलं नाही. त्यानंतर कोविडमध्ये म्युझियम बंद झालं ते दुरुस्तीसाठी बंदच राहिलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये उघडलं, म्हणजे जवळपास पाच वर्षांनी. तेव्हापासून परत प्रदर्शनं, मुलांच्या कार्यशाळा, संध्याकाळचे कार्यक्रम यांच्या पाट्या गेटवर दिसतायत. जायचं असेल तर बुधवार सोडून जा, बुधवारी बंद असतं, आणि राणीबागही त्याच दिवशी बंद त्यामुळे पोरांना घेऊन गेलात तर पेंग्विन पण नाही.